चाल ओळखण्याचा खेळ कसा पाहावा?



व्याख्यानाचा विषय कळवा, असे चिटणिसांचे पत्र आले तेव्हा आम्ही तो तत्परतेने कळवला. दोनच दिवसांत त्यांचा फोन आला. विषय लिहिताना आपल्याकडून काही नजरचूक तर झाली नाही ना, असे त्यांनी मोठ्या अदबीने विचारले. त्यांचा काही दोष नाही. काल याच व्यासपीठावर पाण्याच्या नियोजनावर व्याख्यान झाले, उद्या राज्यघटनेवर होणार आहे. आणि मध्ये आम्ही उभे राहिलो आहोत ते दूरचित्रवाणीवरचा एक खेळ हातात घेऊन. दोन पंगतींच्या मध्ये कोणी पत्त्यांचा डाव मांडावा, तसे हे दिसते खरे.

परंतु न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून या प्रथेमागे एक साधा विचार आहे. लोकांचे आयुष्य ज्यात जाते त्याविषयी लोकांसमोर उभे राहून बोलावे, हा तो विचार. आता आपणच सांगा, संध्याकाळी दिवे लागल्यानंतर आपले आयुष्य कशात जाते? आम्हांला पुस्तक कसे वाचावे हे गुरुजींनी शिकवले. गाणे कसे ऐकावे हे, ज्यांना भाग्य लाभले त्यांना, एखाद्या जाणत्या शेजाऱ्याने शिकवले. पडदा कसा पाहावा हे मात्र कोणीच शिकवले नाही. कळ दाबली की तो दिसू लागतो, म्हणून तो पाहताही येतो असे आपण धरून चाललो आहोत. ही समजूत तपासून घेण्यासाठी आम्ही मुद्दामच सगळ्यांत हलकाफुलका नमुना निवडला आहे.

खेळ आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. वाद्यवृंद एखाद्या गाण्याचे दोन-चार सूर वाजवतो. समोर स्पर्धक उभे असतात. ज्याला प्रथम ओळख पटेल त्याने गाण्याचे नाव सांगावयाचे. सांगितले तर पैसे, चुकले तर दुसऱ्याची पाळी. आपल्याकडे झी वाहिनीवर १९९३ साली ‘अंताक्षरी’ सुरू झाली, तिच्यातही धून ओळखण्याची फेरी असे. पण या खेळाचे मूळपुरुष अमेरिकेतले आहेत, आणि त्यांची हकीकत थोडक्यात सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

हॅरी सॉल्टर नावाचे एक वाद्यवृंद-संचालक होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने ‘नेम दॅट ट्यून’ हा कार्यक्रम रचला. १९५२ च्या अखेरीस तो एनबीसीच्या नभोवाणीवर आला, १९५३ च्या जुलैत पडद्यावर आला आणि पुढच्या वर्षी सीबीएसकडे गेला. त्या काळी दोन स्पर्धक रंगमंचाच्या एका बाजूस उभे राहात आणि दुसऱ्या बाजूस टांगलेल्या घंटांकडे धावत जात. जो आधी घंटा वाजवील त्याने नाव सांगावयाचे. म्हणजे कानाची परीक्षा आणि तिच्यात धावण्याची शर्यत! याच खेळात १९५७ साली एक विलक्षण जोडी जमली. एक होते मेजर जॉन ग्लेन. त्यांनी त्याच वर्षी जुलैत ध्वनीपेक्षा अधिक सरासरी वेगाने विमान चालवून अमेरिका खंड आडवा ओलांडला होता. दुसरा होता एडी हॉजिस नावाचा दहा वर्षांचा मुलगा. या दोघांनी मिळून पंचवीस हजार डॉलरांचे बक्षीस मिळवले. पुढे ग्लेन १९६२ साली पृथ्वीप्रदक्षिणा करून आले आणि तो मुलगा ब्रॉडवेच्या रंगभूमीवर गाजला. विमानाच्या वेगापेक्षा आणि पोराच्या वयापेक्षा वेगळेच काहीतरी या खेळात मोजले जाते, एवढे त्यावरून ध्यानात घ्यावे.

काय मोजले जाते? याच प्रश्नाच्या अनुरोधाने आम्ही हा खेळ पाहण्याच्या पाच रीती आपल्यापुढे ठेवणार आहोत. त्या एकीपेक्षा एक श्रेष्ठ आहेत असे नाही. मात्र पहिलीवरच जो थांबतो, त्याचा खेळ अर्धा पाहावयाचा राहतो.

पहिली रीत स्पर्धकाची. ही शिकवावी लागत नाही. घरात पाच माणसे बसलेली असतात, सूर वाजतो आणि पाचही जण ओरडतात. यात काही गैर नाही. उलट जो ओरडत नाही त्याच्याविषयी आम्हांला काळजी वाटते. तथापि या रीतीत एक चोरी होते आणि ती आपण सगळेच करतो. सूत्रसंचालक उत्तर सांगतो, आणि आपण मांडीवर थाप मारून म्हणतो, “अरे, हेच! माझ्या ओठांवर होते.” श्रोतेहो, ओठांवर असणे आणि ओठांबाहेर पडणे यांत फार अंतर आहे. ओळखीची खूण पटली की मनाला वाटते, नावही हाती आलेच आहे. आणि उत्तर ऐकल्यावर मन मागे जाऊन आपली जागा पुसते व तेथे ते उत्तर लिहून ठेवते. याला औषध म्हणजे कागद आणि पेन्सिल. उत्तर जाहीर होण्यापूर्वी लिहावे, न लिहिलेले धरू नये. आमच्या घरी हा नियम लागू केला त्या पहिल्या संध्याकाळी दहा गाण्यांपैकी आमची तीन भरली. आदल्या आठवड्यापर्यंत आम्ही स्वतःला नवांचे धनी समजत होतो.

याच रीतीला जोडून एक पथ्य सांगतो. हल्ली कार्यक्रम फोनवर हवा तेव्हा पाहता येतो, थांबवता येतो, मागे नेता येतो. एरवी ही सोय मोठी आहे, पण या खेळापुरती ती घातक आहे. सूर थांबवून विचार करणारा माणूस कोड्याचे पुस्तक सोडवीत असतो, आणि त्या पुस्तकाच्या शेवटी उत्तरेही छापलेली असतात. जो सूर निघून गेला तो गेला, ही अट पाळली तरच आपली आणि त्या दिव्यांखाली उभ्या असलेल्या माणसाची बरोबरी लागते. तरीही ती पुरी लागत नाहीच. आपण घरच्या खुर्चीत चहाचा पेला घेऊन बसलेले असतो, आणि तो शेकडो डोळ्यांसमोर उभा असतो. त्याला साधे गाणे आठवले नाही म्हणून हसण्यापूर्वी, पाहुण्यांसमोर ओळख करून देताना आपल्याला सख्ख्या मेहुण्याचे नाव आठवले नव्हते तो प्रसंग स्मरावा.

दुसरी रीत कानाची. गाणे ओळखले की आपण खूश होऊन पुढच्या गाण्याकडे वळतो. त्याऐवजी क्षणभर थांबून स्वतःला विचारावे, आपण हे कशावरून ओळखले? चालीवरून, ठेक्यावरून, वाद्यावरून, की आवाजाच्या पोतावरून? हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारला आहे. शेलेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे १९९९ सालचे एक संशोधन आहे. त्यांनी पाच लोकप्रिय गाण्यांच्या ध्वनिमुद्रणांतून सेकंदाचा दशांश आणि दोन दशांश एवढेच तुकडे काढले, आणि दिलेल्या नावांशी त्यांची जोडी लावावयास सांगितले. लोकांनी ती नुसत्या अटकळीपेक्षा पुष्कळ बरी लावली. सेकंदाच्या दशांशात चाल ती कसली असणार? एक सूरही धड उमटत नाही. मग ओळखले काय? तर आवाजाचा पोत, वाद्यांचा मेळ, त्या ध्वनिमुद्रणाचा रंग. तेच तुकडे उलटे वाजवले तेव्हा ती ओळख नाहीशी झाली. पुढे २०१० साली कॅरल क्रूमहान्सल या विदुषींनी सेकंदाच्या चार दशांशांचे तुकडे ऐकवले, तेव्हा ऐकणाऱ्यांनी चारांपैकी एकाहून अधिक वेळा गाणे आणि गायक दोन्ही बरोबर सांगितले.

आता याच्या उलट बाजूचा प्रयोग आपण घरी करून पाहावा. एखादे अगदी घरोघरी गायले जाणारे गाणे मनात धरावे आणि त्याचा नुसता ठेका बोटाने टेबलावर वाजवावा. समोरच्याने गाणे ओळखावयाचे. अमेरिकेत एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली हा प्रयोग केला. एकशेवीस गाणी वाजवली गेली, त्यांतली ओळखली गेली तीन. आणि वाजवणाऱ्यांचा अंदाज काय होता? निम्मी तरी ओळखली जातील! वाजवणाऱ्याच्या डोक्यात सबंध गाणे वाजत असते, ऐकणाऱ्याला ऐकू येते ती टकटक. संसारातली निम्मी भांडणे याच जातीची असावीत, असे आम्हांला वाटते. आपल्या डोक्यात वाजणारे गाणे समोरच्यालाही ऐकू येत आहे, अशी आपली खात्री असते.

कानाची ही रीत आपल्या लोकांना मुळीच परकी नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. त्या काळच्या संगीत नाटकांची पुस्तके आपण उघडून पाहावीत. पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असा शब्द आणि त्यापुढे कोणत्या तरी परिचित गाण्याचा निर्देश छापलेला असे. स्वरलिपी नाही, काही नाही. नाव वाचले की वाचकाच्या कानात चाल वाजू लागे आणि नवे शब्द तिच्यावर बसत. पडद्यावरच्या खेळात सुरांवरून नाव काढावयाचे असते, आपल्या आजोबा-पणजोबांचा खेळ नावावरून सूर काढण्याचा होता. तो अधिक कठीण, आणि आम्हांला विचाराल तर अधिक आनंदाचा. नाव सांगून माणूस मोकळा होतो. सूर निघाला की गावे लागते.

तिसरी रीत पंचाची. समोर जे चालले आहे ते कोणी मांडले, हे पाहण्याची. १९७४ नंतर हाच खेळ टॉम केनेडी यांच्या सूत्रसंचालनाखाली पुन्हा सुरू झाला, तेव्हा त्यात बोली लावण्याची एक फेरी होती. मी पाच सुरांत ओळखतो, मी चारांत, मी तिनांत, अशी चढाओढ चाले. पाहणाऱ्याला चमत्कार वाटे. पण बोलीपूर्वी गाण्याविषयी एक सूचक वाक्य वाचून दाखवलेले असे, हे पाहणारा विसरून जाई. निम्मे उत्तर त्या वाक्यात दडलेले असे. पंचाच्या नजरेने पाहणारा माणूस सुरांबरोबर त्या वाक्याचाही हिशेब ठेवतो.

आणि काही वेळा हिशेब याहून गंभीर असतो. १९५८ साली अमेरिकेत मोठ्या बक्षिसांच्या प्रश्नमंजूषांविषयी आधी कुजबूज व मग बोभाटा सुरू झाला. ‘ट्वेंटी-वन’ नावाच्या खेळातले चार्ल्स व्हॅन डोरेन हे विद्यापीठात शिकवणारे सुसंस्कृत गृहस्थ देशाचे लाडके झाले होते. १९५९ च्या नोव्हेंबरात त्यांनी प्रतिनिधिगृहाच्या समितीसमोर कबुली दिली की, प्रश्न आणि उत्तरे आपल्याला आधीच दिली जात होती. कपाळावरचा घाम पुसणे, आठवण्यासाठी धडपडणे, ऐन वेळी उत्तर सापडणे, हे सारे बसवलेले होते. त्याच सुमारास सीबीएसने मोठ्या बक्षिसांचे खेळ बंद करण्याचा निर्णय घेतला आणि ‘नेम दॅट ट्यून’ही त्यात थांबला. पुढे १९६० साली असे खेळ आतून ठरवणे हा तेथे कायद्याने गुन्हा झाला.

लोकांना राग कशाचा आला, हे पाहण्यासारखे आहे. पैसे काही त्यांच्या खिशातून गेले नव्हते. ते आपल्या खोलीत बसून एका माणसाबरोबर आठवू पाहात होते, त्याच्यासाठी जीव मुठीत धरीत होते. आणि तो माणूस काहीच आठवीत नव्हता! आपली सोबत खोटी ठरली, याचा तो राग होता. आज कायदा आहे. तरी चित्रण कापून जोडलेले असते, विलंब ताणलेले असतात, ऐन उत्तराच्या वेळी जाहिरात घातलेली असते. त्यात फसवणूक आहेच असे नाही. पण तणाव कोठे स्पर्धकाचा आणि कोठे कात्रीचा, हे ओळखण्याची सवय डोळ्यांना असावी.

पंचाने आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. ही गाणी सर्वांना माहीत आहेत, असे कोणी ठरवले? २०२१ साली अमेरिकेत हा खेळ जेन क्राकोव्स्की यांच्या सूत्रसंचालनाखाली नव्याने सुरू झाला. न्यू जर्सीत आमची एक भाची राहते. तिच्याकडे मुक्कामाला असताना आम्ही तो तिच्या दोन मुलांसोबत पाहिला. सूर वाजायचा अवकाश, की पोरे नाव सांगून मोकळी होत. आणि साठ वर्षे गाणे ऐकत आलेले आम्ही मुक्याने बसून होतो. सूर कानाला कळत होते, पट्टी कळत होती, पण त्या सुरांभोवती आमचे बालपण नव्हते. मग भाचीने खेळ बंद करून आपल्याकडच्या एका नाट्यपदाची सुरुवात लावली. आता पोरे मुकी आणि आम्ही ओरडणारे. तिची स्थिती मात्र वेगळी होती. तिला दोन्ही ओळखू येत होती, आणि दोन्हींकडे तिच्यासोबत ओरडणारे अर्धेच घर होते. ‘सर्वांना माहीत असलेले गाणे’ ही वस्तू जगात नसते. ज्यांचे बालपण एका आवाजात गेले, त्यांच्यापुरती ती असते. पडद्यावरचा खेळ गाणी निवडताना कोणाला घरात घेतो आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवतो, हे पाहावे.

चौथी रीत यंत्राची तुलना करण्याची. २०१७ साली अमेरिकेत ‘बीट शझॅम’ नावाचा खेळ सुरू झाला. जेमी फॉक्स त्याचे सूत्रसंचालक. त्यात शेवटी उरलेली जोडी माणसाशी न खेळता शझॅम या यंत्रणेशी खेळते, बक्षीस दहा लाख डॉलरांपर्यंत. ही यंत्रणा मूळची लंडनची. २००२ साली तेथे २५८० हा क्रमांक फिरवून फोन गाण्यापुढे धरला की गाण्याचे नाव संदेशाने येई. आज ती खिशाखिशांत आहे. ती गाणे ओळखते कशी? ध्वनीचा आलेख काढते, त्यातली ठळक शिखरे तेवढी टिपते, आणि आकाशाच्या नकाशावर ताऱ्यांची आकृती जुळवावी तशी ती शिखरे आपल्या साठ्याशी जुळवते. गोंगाट असला तरी तारे लुकलुकत राहतात, म्हणून उपाहारगृहाच्या गलक्यातही तिचे अडत नाही.

ऐकून आपली छाती दडपेल. पण नीट पाहा. हे यंत्र चाल ओळखत नाही, ते ध्वनिमुद्रण ओळखते. तेच गाणे, त्याच गायकाने, पण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सभागृहात गायले, तर बहुधा ते गोंधळते. याउलट आपली आजी भांडी घासता घासता, दोन सूर खाली, मधला एक गाळून, शब्दांच्या जागी नुसते ‘ऊं ऊं’ करीत गाणे गुणगुणते, आणि शेजारच्या खोलीतला नातू ते ओळखतो. गुणगुणण्यावरून गाणे शोधण्याची सोय २०२० साली गूगलने काढली, म्हणजे यंत्रही आता त्या वाटेने निघाले आहे. त्याला आमच्या शुभेच्छा आहेत. परंतु खेळ पाहताना हे मनात असावे, की वेगात यंत्र पुढे गेले म्हणून ओळखण्यातही ते पुढे गेले असे नाही. यंत्र नाव देते. नातू गाणे ओळखतो आणि त्याबरोबर आजीची तबियत आज बरी आहे, हेही ओळखतो.

आता पाचवी रीत. ती आम्हांला उशिरा कळली, आणि ज्यांच्यामुळे कळली त्यांना सांगावयाचे राहून गेले.

आमचे थोरले बंधू टपालखात्यात होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. नोकरी टपालाची, पण जीव पेटीत. गावच्या भजनी मंडळाची पेटी त्यांनी पस्तीस वर्षे सांभाळली. अखेरची चार वर्षे त्यांची स्मृती ढळत गेली. आधी वार गेले, मग रस्ते गेले, मग माणसांची नावे. आम्हांला ते ‘मास्तर’ म्हणू लागले. लहानपणच्या कोणा मास्तरांशी आमचा चेहरा त्यांच्या मनात जोडला गेला असावा. आम्हीही ते नाव घेतले आणि वागवले.

त्या दिवसांत एका वाहिनीवर चाल ओळखण्याचा कार्यक्रम चाले आणि घर तो मिळून पाहात असे. दादांना कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलेले असे. एके दिवशी जुन्या गाण्याचा मुखडा वाजला. सगळे ओरडण्याआधी दादांची बोटे खुर्चीच्या हातावर चालू लागली, आणि वाद्यवृंद थांबला तरी ते थांबले नाहीत. पुढचा अंतरा त्यांनी गुणगुणत पुरा केला, मधल्या हरकतीसकट, आणि समेवर बरोबर येऊन थांबले. घर चकित झाले. मुले आनंदाने धावली, “आजोबा, नाव सांगा ना!” आम्हीही पुढे झालो. आम्हांला वाटले, दार किलकिले झाले आहे, जरा जोर लावला की उघडेल. “दादा, गाण्याचे नाव सांग. कोणाचे गाणे? सांग पाहू.” दादांनी आमच्याकडे पाहिले. डोळ्यांत पूर्वी एकदाच पाहिलेली भीती होती. तिजोरीचा हिशेब लागत नव्हता त्या रात्रीची. ते म्हणाले, “मास्तर, पाठ नाही झाले.” आणि गप्प झाले. त्यानंतर कित्येक दिवस त्या कार्यक्रमाची सुरुवातीची धून लागली, की ते हात मांडीखाली घेऊन बसत.

स्मृतिभ्रंशाच्या पुष्कळ रुग्णांत नावे आणि घटना गेल्यावरही जुन्या परिचित सुरांची ओळख दीर्घकाळ टिकते, हे आम्ही नंतर वाचले. डॉक्टरांनीही सांगितले. पण ते वाचावयास नको होते, ते समोर दिसत होते. दादांना ते गाणे घरातल्या आम्हां सर्वांपेक्षा अधिक येत होते. आम्ही त्यांच्याजवळ मागितले ते नेमके नाव. जे एकच त्यांच्याजवळ उरले नव्हते. पडद्यावरच्या खेळाचा नियम आम्ही न कळत घरात लावला, आणि त्या नियमाने ते नापास झाले.

पुढे आम्ही रीत बदलली. मुलांना सांगितले, कागदावर लिहा, ओरडू नका. सूर वाजला की नाव कोणी विचारायचे नाही. कार्यक्रम संपला की त्यातले एक गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत सबंध लावायचे आणि काही न बोलता ऐकायचे. तीन आठवडे काही झाले नाही. चौथ्या आठवड्यात दादांचा एक हात मांडीखालून बाहेर आला. पुढे दुसराही आला. नाव त्यांनी कधीच सांगितले नाही. शेवटपर्यंत आम्ही मास्तरच राहिलो. पण एकदा गाणे संपल्यावर ते आमच्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, आज बरे झाले.” त्या वाक्याचा पुरावा आमच्याजवळ काही नाही, कोणाला द्यावयाचाही नाही.

ही पाचवी रीत. नाव बाजूस ठेवून पाहण्याची. खेळाला नाव लागते, त्यावाचून गुण कसे द्यावयाचे? तेव्हा खेळाने नाव विचारावे, स्पर्धकाने सांगावे, मुलांनी ओरडावे. त्यात आमची काही हरकत नाही. परंतु त्याच खोलीत एखादे माणूस असे असते की, ज्याला गाणे येते आणि नाव येत नाही. कधी ते म्हातारे असते, कधी अगदी लहान असते, कधी नुसतेच लाजाळू असते. त्याची बोटे कोठे हलतात तिकडे एक डोळा असू द्यावा. पडदा पाहावयास एक डोळा पुरतो.

श्रोतेहो, चिटणिसांनी घड्याळाकडे दुसऱ्यांदा पाहिले आहे, तेव्हा आटोपते घेतो. कागद आणि पेन्सिल ठेवा, म्हणजे स्वतःशी खोटे बोलणे टळेल. कशावरून ओळखले ते विचारा, म्हणजे कान तयार होईल. कोणी मांडले आणि कोणासाठी मांडले ते पाहा, म्हणजे डोळे उघडे राहतील. यंत्राला त्याचे श्रेय द्या, त्याहून अधिक देऊ नका. आणि खेळ संपला की, त्यातले एक गाणे सबंध ऐका. दोन सुरांवर ज्याची आपण किंमत केली, ते उरलेले गाणे आपण बहुधा कित्येक वर्षांत ऐकलेले नसते.